भंडाऱ्यावरचा हात

देवापुढचा दिवा लागेपर्यंत गिताबाईच्या तोंडून शब्द निघत नसे. लग्न होऊन कवठे येमाईला आली त्या साली सासूने हे व्रत तिच्या ओटीत घातलं होतं, आणि त्यात तिने आजवर खंड पडू दिला नव्हता. सडा, गोठा, धारा, अंघोळ, सगळं मुक्याने चालायचं. घराला त्याची सवय झाली होती. "आमची म्हस बी आईसंगं मौन पाळती," असं म्हणून लेक हर्षदा तिची चेष्टा करायची, आणि गिताबाई ओठांतल्या ओठांत हसून वात वळत राहायची.

त्या रविवारी तिने ओल्या केसांना पंचा गुंडाळला, समईत तेल घातलं, एवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. थोरले दीर हौसराव आले होते. भावकीतलं कुठलंही कार्य, कुठलंही भांडण त्यांच्याशिवाय पुढे सरकत नसे. पांढरी टोपी गुडघ्यावर ठेवून ते ओट्यावर बसले आणि त्यांनी धाकट्या भावाला हाक मारली.

"ज्ञानू, पेढं आण. रविराजचं जमवलं."

ज्ञानू दातवण टाकून धावत आला. रविराज त्याचा थोरला, अठ्ठावीस वर्षांचा. त्याच्या लग्नासाठी घराने केलेल्या खेपा आता गावातल्या पोरासोरांनाही पाठ झाल्या होत्या.

"कुठली हाय पोरगी?"

"राहूची. बापूसाहेबाची धनश्री. ऊस हाय, सोताचं गुऱ्हाळ हाय, घर नाकासमोर चालणारं हाय. फकस्त एक हाय. त्यांचा स्वराज बी राहिलाय लग्नाचा. त्याला आपली हर्षदा द्यायची. साटं करायचं."

ज्ञानूच्या तोंडावरचं हसू अर्ध्यात थांबलं. "दादा, हर्षदा आत्ताशी अकरावीला गेली. सोळा बी धड..."

"वय कागदावर असतंय रं. आपण कुठं पत्रिका छापतोय? देवळाम्होरं अक्षता टाकू. दोन वर्सांनी मांडव घालू, गावजेवण देऊ, म्हंजी सरकार बी खूश." हौसरावांनी आवाज किंचित वाढवून भिंतीला विचारलं, "गिताचं काय म्हणणं हाय?"

थोरला दीर भावजयीशी सरळ बोलत नाही. तो भिंतीशी बोलतो, नवऱ्याशी बोलतो, आणि तिने ते ऐकायचं असतं. गिताबाई देवघरात वात हातात धरून उभी होती. बोलावं तर व्रत मोडतं. तिने घाईने काडी ओढली. काडी सादळलेली, विझली. दुसरी तुटली. तिसरी पेटली तेव्हा बाहेरून हौसरावांचं बोलणं ऐकू आलं.

"गप हाय म्हंजी कबूल हाय. शहाणी हाय तुझी बायको. पुढल्या रविवारी बिरोबाला भंडारा उचलू."

वात लवकर धरेना. बाहेर मोटारसायकल सुरू झाली, लांब गेली, तेव्हा कुठे वात उजळली. हात जोडायच्याही आधी गिताबाईच्या तोंडून शब्द निघाला.

"न्हाई."

पण तोवर मोटारसायकल ओढ्यापलीकडे गेली होती. तो शब्द एक देवाने ऐकला आणि एक ज्ञानूने.

*

"न्हाई म्हणून भागल का?" चुलीपुढे बसून ज्ञानू म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. आयुष्यभर थोरल्या भावाच्या सावलीत चालला, त्यामुळे स्वतःची सावली कशी पडते हेच त्याला कधी कळलं नव्हतं. "दादांनी शब्द दिलाय. आन् पोरीला कॉलेजला धाडायची म्हंजी जिवाला घोर. मागल्या आठवड्यात त्या उसात बिबट्या दिसला."

"बिबट्याचं भ्या मला बी हाय," गिताबाई भाकरी थापता थापता शांतपणे म्हणाली. "पर त्यो भूक लागल्यावर धरतो. रीत हाय म्हणून धरत न्हाई."

रविराज दारात उभा होता. कांद्याच्या वाफ्यातून आला होता, पाय चिखलात होते.

"आई, तू माझ्या बाजूनं कवा बोलणार? पोरगी बघायला गेलं की पहिला सवाल, कंपनीत हाय का? शिक्रापूरला भाड्याच्या खोलीत राहून हेल्परकी करणारा चालतो त्यांना. माझं शेत बघत्यात, ट्रॅक्टर बघत्यात, चहा पित्यात आन् 'कळवतो' म्हणत्यात. कुणीच कळवत न्हाई. मैतरांची पोरं आता शाळंत जाया लागली."

त्याच्या आवाजातला कढ खरा होता, आणि गिताबाईला तो आतवर लागला. आपल्या गावोगावी आज असे किती रविराज बसून आहेत! मुली नकोत म्हणून आपणच देवाला नवस केले. ज्या झाल्या, त्यांना शेतात राबणारी आई दिसली आणि त्यांनी शेताकडे पाठ फिरवली. आता त्या चुकीची भरपाई पुन्हा एका मुलीकडूनच करून घ्यायची, असं साटंलोटं सांगतं.

हर्षदा माळ्यावरून खाली उतरली. पशुवैद्यकाच्या मागे हिंडून तिने शेळ्यांना सुई टोचायला शिकून घेतलं होतं. बारावीनंतर त्याचीच पदविका घ्यायची तिने ठरवलं होतं. वस्तीवरच्या बाया तिला हसत 'डॉक्टरीणबाई' म्हणत आणि अडल्या वेळेला तिलाच बोलावत.

"दादा, माझ्या बदल्यात बायको आणणार व्हय? बाजारात बकरं बदलताना बी माणसं दात उघडून बघत्यात. माझं दात बघितलं का त्यांनी?"

"हर्षे, तोंड आवर!" ज्ञानू ओरडला.

"आवरती की. मग आयुष्यभर आवरायचंच हाय," असं म्हणून ती गोठ्यात निघून गेली. रविराजने मान खाली घातली. बहिणीला त्याने खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली होती. पण त्याने 'नको' म्हटलं नाही.

गिताबाईची भाकरी तव्यावर करपली. तिला ठकू आठवली होती.

त्या घरात ठकूचं नाव कुणी घेत नसे. ठकू ही हौसराव आणि ज्ञानूची धाकटी बहीण. गिताबाईचं स्वतःचं लग्नही साट्यानेच झालं होतं. ती ज्ञानूकडे आली आणि ठकू गिताबाईच्या भावाला दिली गेली, भीमेकाठी, दौंड तालुक्यात. दोघी जेमतेम पंधरा वर्षांच्या होत्या. निघताना एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि ठकू कानात म्हणाली, "तू माझ्या घरी, मी तुझ्या घरी. चांगलं हाय की गं."

चांगलं नव्हतं. साट्याची तराजू फार चोख असते. तिकडे ठकूला मारलं की निरोप इकडे यायचा आणि इकडे सासू ज्ञानूला म्हणायची, "तुझ्या बहिणीच्या पाठीवर वळ उठलाय, तू हातात बांगड्या भरल्यात का?" ज्ञानूला मारायचं नसायचं. तो मारायचा आणि मग मळ्यात जाऊन रडायचा. तिकडे ठकूला उपाशी ठेवलं, की इकडे गिताबाईपुढचं ताट उचललं जायचं. दोघींचा गुन्हा एकच, की त्या एकमेकींच्या बदल्यात आल्या होत्या. सोळाव्या वर्षी ठकू पहिल्या बाळंतपणात गेली. टेंपोतून तिला शेवटचं आणायला हौसरावच गेले होते. त्यानंतर वर्षभर गिताबाईला तान्ह्या रविराजसकट माहेरी बसवून ठेवलं, कारण एक बाजू रिकामी झाली तर दुसरी भरलेली कशी ठेवायची?

ह्याला आपण रीत म्हणतो, आणि रीत मोडली तर समाज बुडेल म्हणून घाबरतो.

*

दुसऱ्या दिवशी गिताबाई अंगणवाडीत गेली. नजमुन्निसा तिथली सेविका. हर्षदाला तिनेच पहिली पाटी धरायला शिकवलं होतं. ऐकून तिने हातातलं खिचडीचं पातेलं खाली ठेवलं.

"अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा हाय, गिताकाकू. लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला, सगळ्यांला. मी आत्ता फोन लावते. अक्षता पडायच्या आत गाडी येती."

"ती येईल गं. लगीन थांबंल. पर मग माणसं म्हणतील, पोलिसांनी थांबवलं, बाईनं न्हाई. पुढच्या खेपंला लांब माळावर जाऊन लावतील. मला आधी बोलू दे."

"तुम्ही? तुमचा आवाज कुणी ऐकलाय का भावकीत?"

"मी बी न्हाई ऐकला," गिताबाई हसली. "न्हाईच जमलं माझ्यानं, तर तू हायसच. फोन चार्ज करून ठेव."

बुधवारी घर बघायला म्हणून भावकीच्या बाया राहूला गेल्या. गुऱ्हाळावर रस उकळत होता, अंगणभर गुळाचा वास होता. बापूसाहेबांनी पाहुण्यांना स्वतः फिरून ऊस दाखवला. स्वराज भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. एकतिशी उलटलेली, कानशिलावर पांढरे केस. धनश्री चहा घेऊन आली. साडीच्या निऱ्या कुणीतरी घाईने खोचून दिलेल्या, एका हाताच्या नखांना रंग, दुसऱ्या हाताची नुसतीच. रंग लावता लावता कुणी हाक मारली असावी.

तिची आई चांगुणा गिताबाईला मागच्या दारी भांडी घासायच्या दगडापाशी घेऊन गेली. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाली, "विहीणबाई, एक मागणं हाय. माझ्या धनूला नीट ठेवा. तुम्ही तिला नीट ठेवलं तर आम्ही बी तुमच्या हर्षदाला नीट ठेवू."

गिताबाईने तिच्याकडे वळून पाहिलं. बाई मायेने बोलत होती. त्या मायेच्या पोटात केवढी धमकी आहे, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

"आन् न्हाई ठेवलं तर?"

चांगुणाने एक भांडं उगाच पालथं घातलं. तिने पदर पुढे ओढला. तिच्या मनगटावर जुना, काळपट पडलेला डाग होता. "तुम्हाला इचारून दिलं का कुणी?" ती शेवटी म्हणाली. "मला बी न्हाई. मग लेकीला इचारून काय करायचं?"

"कुणीतरी कवातरी इचाराया लागंलच की, चांगुणाबाई."

एवढंच बोलणं झालं. बाहेरून हाक आली आणि दोघी पुन्हा पाहुण्या-विहिणी होऊन अंगणात गेल्या.

*

बिरोबाचं देऊळ गावाबाहेर माळावर. एके काळी ही घराणी मेंढरांमागे फिरायची, तेव्हा परतीच्या वाटेवर पहिला मुक्काम तिथे पडायचा. मेंढरं गेली, वावरं आली, पंप आले, पण शब्द पक्का करायचा तर आजही सगळे तिथेच जमतात. त्या रविवारीही जमले. पुरुष मांडवात, बाया ओट्याच्या पायऱ्यांवर. मधे पितळी ताटात हळदीचा पिवळाधमक भंडारा.

तिथली रीत अशी, की सोयरीक ठरली की दोन्हीकडच्या आयांनी ताटात हात घालायचा, भंडारा मुठीत उचलायचा आणि शब्द द्यायचा. बापाचा शब्द एकवेळ फिरतो, आईने बिरोबापुढे उचललेला भंडारा फिरत नाही, असं जुनी माणसं मानतात. तो मोडायचा अधिकार भावकीलाही नाही.

हौसराव उभे राहिले. बोलण्यात ते तरबेज होते.

"मंडळी, आज माणूस माणसाला इचारत न्हाई. पोरं बापाला जुमानत न्हाईत, जो तो आपल्या मनाचा राजा झालाय. तरी आपली भावकी टिकली, ती कशानं? शिस्तीनं. घराला जसा पाया लागतो, तसा समाजाला रीतीचा पाया लागतो. पाया हालला की भित पडती आन् भितीखाली आपलीच माणसं मरत्यात. दोन घरं अडली हायत, ती एकमेकांनी सोडवायची. बाकी कुणी मधी पडायचं कारण न्हाई." मग नेहमीप्रमाणे त्यांनी भावाकडे पाहिलं. "ज्ञानू, तुझ्या बायकोला म्हणावं, हात घाल."

गिताबाई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला. हर्षदा पायरीवर बसली होती, आईकडे बघत. गिताबाई ताटापाशी आली, पण तिने हात घातला नाही. तिने सरळ हौसरावांकडे पाहिलं. घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

"भावजी, मी तुमच्याशीच बोलते. मधल्या माणसाची गरज न्हाई."

मांडवात कुजबुज उठली. "ह्ये काय नवीन?" कुणीतरी म्हणालं. "सुनंला वाचा फुटली," दुसरा हसला.

"तुम्ही म्हणता त्ये खरं हाय," गिताबाई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू, म्हणून ऐकायला माणसांना गप्प व्हावं लागलं. "शिस्तीबिगर समाज न्हाई. मी तर देवापुढं दिवा लागेस्तोवर तोंड उघडत न्हाई, मला शिस्त शिकवू नका. पर मी तुमच्या घरात आले तवा आपण मेंढरांमागं होतो. दिवाळी झाली की कळप खाली उतरायचा. मामंजी पुढं असायचे. कळप कुणाच्या चालीनं चालायचा, भावजी?"

हौसरावांनी नजर ताटाकडे वळवली. गिताबाईनेच पुढे सांगितलं.

"दमलेल्या मेंढीच्या चालीनं. वाटंत व्यायली तर कोकरू घोड्यावरच्या झोळीत जायचं आन् धडधाकट माणूस पायी चालायचं. रात्री कोकरं मधी आन् कुत्री भवती. मामंजींनी कवा वाट लवकर सरावी म्हणून कोकरू लांडग्याम्होरं टाकलं का? ती खरी रीत. तिच्यावर आपला समाज उभा राहिला. भितीच्या पायात लेकरू पुरलं की ती टिकती, असं कुठल्या बिरोबानं सांगितलं?"

"गिता, बस झालं," हौसराव म्हणाले.

"ठकू बी असल्याच पायात पुरली गेली, भावजी."

ते नाव इतक्या वर्षांनी माळावर पडलं. हौसरावांचा हात टोपीकडे गेला, टोपी न काढताच खाली आला.

"तुम्ही तिला आणायला गेला व्हता. सोळा वर्साची व्हती. तिला मारलं की मला मारायचे आन् मला मारलं की तिला. आमचं दोघींचं भांडण कवा झालं न्हाई, तरी आम्ही एकमेकींच्या वळांचं कारण झालो. तुम्हाला ती आठवत न्हाई असं म्हणू नका. तुम्ही अजून लेकींच्या बाळंतपणात दवाखान्याच्या दारात उभं राहता, आत येत न्हाई. मी बघितलंय."

"बाई, आपापल्या घरच्या गोष्टी घरी बोला!" राहूचे बापूसाहेब कडाडले. "सोयरीक करायची का न्हाई तेवढं सांगा. भंडारा उचला!"

"उचलते की," गिताबाई म्हणाली.

तिने ताटात हात घातला आणि पिवळी मूठ वर केली.

"बिरोबाच्या भंडाऱ्यावर सांगते. माझी हर्षदा अठराची झाल्याबिगर, शिकल्याबिगर आन् सोताच्या तोंडानं व्हय म्हटल्याबिगर तिच्या डोक्यावर अक्षता पडू देणार न्हाई. आन् तिच्या बदल्यात माझ्या घरात कुणाची लेक आणणार न्हाई."

"ही शपथ न्हवं!" हौसराव ओरडले. "ह्यासाठी भंडारा ठेवला न्हवता!"

पायऱ्यांवरून भावकीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचा खरखरीत आवाज आला. "उचलला न्हवं आईनं? मग आता देव सोडवंल तवा सुटंल. तुमचीच रीत हाय, हौसराव."

सगळ्यांच्या नजरा ताटाकडे वळल्या. आणि ताटाच्या दुसऱ्या बाजूने, बांगड्यांचाही आवाज न करता, एक हात पुढे आला. मनगटावर काळपट डाग होता. चांगुणाने भंडारा उचलला.

"माझी धनू बी," ती एवढंच म्हणाली. "माझी धनू बी."

बापूसाहेब दोन ढांगांत आले आणि त्यांनी बायकोवर हात उगारला. चांगुणा सवयीने खाली वाकली. पण हात खाली यायच्या आत गिताबाई मधे उभी राहिली होती. ती ठेंगणी बाई, तिचा पदर डोक्यावरून सरकला होता, मुठीतला भंडारा मनगटावर सांडत होता.

"खाली घ्या हात," ती म्हणाली. "देवाच्या दारात हाय. आन् हिच्या बदल्यात मार खायाला आता पलीकडं कुणी न्हाई."

तो हात सगळ्या भावकीने पाहिला. शब्दाचे, शिस्तीचे, पायाचे सगळे मोठे अर्थ त्या एका उगारलेल्या हातापर्यंत येऊन थांबले होते. मांडवातला रविराज उठला, चार माणसं ओलांडून पुढे आला आणि आईच्या बाजूला उभा राहिला. मारायला नाही, नुसता उभा राहिला. बापूसाहेबांचा हात खाली आला.

तेवढ्यात नजमुन्निसा देवळामागून पुढे आली. सगळ्यांना ऐकू जाईल असं चांगुणाला म्हणाली, "ताई, माझा नंबर घ्या. राहूच्या अंगणवाडीच्या बाईला मी आजच बोलते. ती रोज तुमच्या दारात येऊन धनश्रीला हाक मारंल. तुम्ही एकट्या न्हाई."

भावकीचा टेंपो ज्ञानूच्या माणसांना न घेताच निघून गेला. चौघं माळावरून चालत निघाली. चालता चालता रविराज म्हणाला, "आई, त्या धनश्रीला मी पायजे का न्हाई, हे कुणी इचारलंच न्हवतं. मी बी न्हाई."

हर्षदाने त्याच्या पाठीत हलकेच बुक्की मारली. "मोठा झालास दादा. आता बघ, लगीन जमंल."

*

हौसरावांचा निरोप दुसऱ्याच दिवशी वस्तीभर फिरला. ज्ञानूच्या घराशी बोलणं बंद, येणंजाणं बंद. डेअरीत दुधाची किटली घेऊन उभ्या असलेल्या बाया गिताबाईला पाहून रस्त्याकडे बघू लागल्या. येमाईच्या देवळात प्रसाद वाटणारीने तिला वगळलं, तेव्हा गिताबाईने शेजारच्या पोराच्या हातावरच्या प्रसादाला नमस्कार केला आणि परतली. नजमुन्निसा संतापली. वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे, तक्रार लिहूया, म्हणाली. गिताबाई 'लिही' म्हणाली. पण तक्रार शिरूरला पोचायच्या आत तिला आणखी एक काम उरकायचं होतं.

दोन्ही भावांची विहीर आणि तिच्यावरची मोटार सामाईक. वाटणी झाली तेव्हा पाण्याच्या पाळ्या हौसरावांनीच लावून दिल्या होत्या. त्यांची पाळी दुपारपर्यंत, नंतर ज्ञानूची. त्या दिवशी दुपार झाली तरी मोटार चालूच होती. हौसरावांच्या उसात पाणी बांधाबाहेर वाहत होतं आणि इकडे ज्ञानूच्या कांद्याची पात माना टाकत होती.

गिताबाई विहिरीवर आली. हौसराव स्टार्टरच्या पेटीजवळ खाटेवर बसले होते. ज्ञानू पंधरा पावलं मागे थांबला होता. मग तोही चालत आला आणि बायकोच्या शेजारी उभा राहिला. भावापुढे असा तो कधीच उभा राहिला नव्हता.

"दादा, आमची पाळी हाय," तो म्हणाला.

"भंडाऱ्याचा अपमान करणाऱ्या घराला पाळी न्हाई."

गिताबाईने पेटीचं दार उघडलं. लाल बटण दाबून मोटार बंद केली. पाण्याचा आवाज थांबला. तिने वाल्व फिरवून पाइप आपल्या बाजूला वळवला. हौसराव उठून उभे राहिले. हात धरून तिला बाजूला करणं त्यांना सहज जमलं असतं. पण त्यांनी ते केलं नाही. कदाचित माळावर बापूसाहेबांनी उगारलेला तो हात त्यांच्याही डोळ्यांपुढे असावा.

"गिता," ते थकल्या आवाजात म्हणाले, आणि ह्यावेळी भिंतीशी नाही, तिच्याशीच बोलले, "तू समाज मोडलास."

गिताबाईने हिरव्या बटणावर बोट ठेवलं.

"मोडला असता, भावजी, तर पाळीला थांबले नसते. सकाळीच मोटार सोडली असती."

तिने बटण दाबलं.